नागडा म्हणायचं नाही

रोझविथा बावीस वर्षांची असताना बाल्टिक समुद्राकाठच्या ट्रासेनहागनला आली, ती आंघोळ करतानासुद्धा आतून दाराला खुर्ची टेकवणाऱ्या घरातून. वडील सॅक्सनीत कोळशाच्या खाणीत, आई चर्चच्या झाडलोटीला. इथं कामगार संघटनेच्या सुट्टीघरात तिला स्वयंपाकघरात काम मिळालं होतं. सकाळभर बटाटे सोलायचे, दुपारी थोडी उसंत. पहिल्याच रविवारी बरोबरच्या बायकांनी तिला पाइनच्या रानापलीकडं समुद्रावर नेलं. वाळूची टेकडी उतरून ती खाली आली, समोर बघितलं आणि तिच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, “अगं बाई! हे तर सगळे नागडे!”

चेंडू खेळणारे थांबले. चेंडू घरंगळत पाण्यात गेला. मग एकच हशा उसळला. उन्हानं तांबूस झालेला एक उंच पोरगेला माणूस पुढं आला. त्याच्या अंगावर मनगटातल्या घड्याळाखेरीज काही नव्हतं.

“दंड पडला तुम्हाला,” तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. “इथं जो तो शब्द काढेल त्यानं सगळ्यांना कॉफी आणायची. टपरी त्या टेकडीपलीकडं आहे.”

“कुठला शब्द?”

“परत काढलात तर केकपण आणावा लागेल.”

रोझविथा कानापर्यंत लाल झाली, पण गेली. दोन किटल्या एकटीला झेपणार नाहीत म्हणून तोही निघाला. टपरीवर जायचं तर त्यानं पँट चढवली, आणि पँट घातलेल्या त्या माणसाकडं बघताना मात्र तिला खरी लाज वाटली. हा एकेहार्ट टेश्के. वोलगास्टच्या जहाजाच्या कारखान्यात विजेची कामं करायचा. पुढच्या वसंतात दोघांनी लग्न केलं.

किनाऱ्याची बोली तिला हळूहळू येत गेली. सकाळी भेटलेला माणूस विचारी, “आज बिन की सकट?” बिन म्हणजे बिनकपड्याचं, सकट म्हणजे पोहण्याच्या चड्डीसकट. अंगावर कपडे ठेवून वाळूत बसणारे ते कापडवाले. त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोलत नसे. फक्त कीव केल्यासारखं, “बिचारे कापडवाले, वाळू कुठं कुठं अडकत असेल त्यांच्या,” एवढंच. सरकारी पाटीवर ‘विवस्त्र स्नानास परवानगी’ असं होतं, त्याला सगळे हसत. वाल्डेमार क्रुशे नावाचा म्हातारा पोस्टमन होता, त्याची बोली आणखी जुनी. टॉवेलवर पाय पसरून तो म्हणायचा, “मी आज उन्हाचे कपडे घालून आलोय.”

एकदा रोझविथानं त्याला विचारलंच, “वाल्डेमार, एका शब्दाचा एवढा कसला राग तुम्हाला? असतो माणूस नागडा, त्यात काय?”

कॉफीचा दंड मागायचं त्यानं सोडून दिलं. समुद्राकडं तोंड फिरवलं, कारण त्या काळी पूर्व जर्मनीत रशियनांच्या कैदेबद्दल माणसांकडं तोंड करून बोलायची सोय नव्हती.

“मी लढाईनंतर उरल डोंगरात कैदी होतो, पोरी. अधूनमधून आम्हाला बर्फात ओळीनं उभं करायचे, सगळे कपडे काढून. डॉक्टरीणबाई यायची आणि ढुंगणाची कातडी चिमटीत धरून ओढायची. कातडी पटकन मागं गेली तर खाणीत पाठवायचे, लोंबत राहिली तर स्वयंपाकघरात. तिथं मी नागडा होतो. नागडं माणसाला दुसरा कुणीतरी करतो. इथं मी माझ्या हातानं काढतो, माझ्या हातानं घालतो. ह्याला तू दुसरं काय वाट्टेल ते म्हण.”

एकेहार्ट शेजारी बसून वाळूत बोट फिरवत होता. त्यानं हे आधी ऐकलेलं असावं. त्या दिवसापासून रोझविथाच्या तोंडून तो शब्द पुन्हा निघाला नाही. मुलगी झाली, माइके, तीही त्याच वाळूत रांगायला शिकली आणि तिनंही तो शब्द शाळेत जाईपर्यंत ऐकला नाही.

मग बर्लिनची भिंत पडली. पश्चिमेकडचे पाहुणे आले, नवी हॉटेलं आली. पाहुण्यांना आपल्या मुलाबाळांसमोर हे असलं नको होतं, आणि हॉटेलांना पाहुणे हवे होते. किनारा कापत कापत शेवटी कुत्र्यांसाठी राखलेल्या पट्टीशेजारी एक चिंचोळा तुकडा उरला. वाल्डेमार तोवर वारला होता, ते एक बरंच झालं. एकेहार्टचा कारखाना मोडीत निघाला, तर तो त्याच हॉटेलांच्या तारा जोडू लागला. कुरकुर त्याच्या स्वभावात नव्हती. नव्या जागी पहिल्यांदा टॉवेल अंथरताना त्यानं शेजारच्या कुत्र्यांकडं बघितलं आणि म्हणाला, “बरं झालं रोझी. निदान शेजार तरी बिन मिळाला.”

असे बरेच उन्हाळे गेले. अंगं सुरकुतली, ऑपरेशनांचे व्रण पडले, पण त्या पट्टीवर कुणी कुणाकडं वळून बघत नव्हतं. रोझविथाला वाटायचं, म्हातारपण इथं आपोआप पार पडेल.

एकेहार्टच्या डोक्यातून आधी शब्द गेले. ताटाला तो ‘ते गोल’ म्हणू लागला, माइकेला ‘ती मोठी’. मग दिवस आणि वाटा गेल्या. आणि मग एका ऑक्टोबरात, सुपरमार्केटमध्ये माशांच्या कपाटापुढं, खिडकीतून ऊन त्याच्या खांद्यावर आलं आणि त्यानं शांतपणे स्वेटर काढला, घडी घातली, सदरा काढला, घडी घातली. रोझविथा लोणच्याच्या बरण्यांपाशी होती. ती वळेपर्यंत तो शेवटच्या घडीवर आला होता. काउंटरवरच्या बाईच्या हातातला हेरिंग मासा तसाच लोंबत राहिला.

“एकी! अरे घाल ते!”

“का? छान आहे की पाणी आज,” तो म्हणाला.

पुढं हे वरचेवर होऊ लागलं. बँकेत झालं. शेजाऱ्याच्या अंत्यविधीला चर्चमध्ये, रंगीत काचेतून ऊन आलं तेव्हा झालं. गावातले जुने लोक समजून घ्यायचे, कुणीतरी कोट पांघरायचं. पण गावात आता जुने लोक होतेच किती? रोझविथा प्रत्येकाला समजावत सुटली. तो भलतंसलतं करत नाही हो, तो मोकळा होतो.

“आई, तू ‘मोकळा होतो’ म्हणतेस,” माइके श्वेरीनहून फोनवर वैतागून म्हणाली, “आणि लोकांना वाटतं बाबा वाटेत कुठंही संडासाला बसतात! सरळ सांग ना, कपडे काढतात म्हणून.”

“काढतात म्हटलं की घाण वाटतं ते.”

“मग नागडे होतात म्हण.”

“माइके!”

“बाबा आजारी आहेत, आई. आजाराला सुंदर नाव दिलं म्हणून तो कमी होत नाही.”

रोझविथानं फोन ठेवून दिला. मुलीचं खरं होतं आणि ते तिला ऐकायचं नव्हतं.

मे महिन्यात समुद्रावरच्या फिरायच्या रस्त्यावर एका पाहुण्या बाईनं तक्रार केली. पोलीस आला तो गावातलाच, टपरीवाल्याचा नातू. एकेहार्ट बाकावर घोंगडीत गुंडाळून बसला होता, आइस्क्रीम खात.

“अश्लील अंगप्रदर्शन अशी तक्रार आहे, टेश्केकाकू,” तो अवघडून म्हणाला.

“प्रदर्शन? आपण कोण आहोत हेच त्याला आठवत नाही, तो दाखवणार काय आणि कुणाला?”

“मला कळतंय हो. पण मला काहीतरी लिहायला लागेल. तुम्हीच सांगा, काय करत होते काका?”

आयुष्यभर ज्या शब्दांवर ती राहिली होती ते सगळे तिनं आठवून पाहिले. बिन. मोकळा. उन्हाच्या कपड्यांत. त्या कागदावर एकही बसत नव्हता.

“ऊन पडलं होतं,” ती शेवटी म्हणाली. “एवढंच लिही बाळा. ऊन पडलं होतं.”

त्यानं काय लिहिलं कोण जाणे. प्रकरण पुढं गेलं नाही. पण नोव्हेंबरात एकेहार्ट पहाटेच दार उघडून बाहेर पडला आणि गारांच्या पावसात कुत्र्यांच्या पट्टीवर सापडला, पायाची बोटं निळी पडलेली. तेव्हा माइके आली आणि तिनं आईला न विचारता वृद्धाश्रमाशी बोलून टाकलं. रोझविथा भांडली, रडली, आणि मनातून सुटल्यासारखी झाली. त्या सुटल्यासारखं वाटण्याबद्दल तिला पुढं कितीतरी दिवस स्वतःची किळस येत राहिली.

आश्रम चांगला होता. प्रमुख डामेरोबाई कडक, पण खोटं न बोलणाऱ्या. नर्सा हसऱ्या. “आजोबा आज परत सोलले बरं का!” असं त्या एकमेकींना ओरडून सांगत, जसा काही बटाटाच. रोझविथानं त्यांना आपली बोली शिकवायचा घाट घातला. सोलले म्हणायचं नाही, उघडे पडले म्हणायचं नाही, तो शब्द तर मुळीच नाही. बिन म्हणायचं. पोरींनी मजेत ते उचललं. “टेश्केआजोबा बिन आहेत, टॉवेल आणा!” रोझविथाला वाटलं, चला, निदान इथं तरी आपण जिंकलो.

मग एके दुपारी डामेरोबाईंनी तिला खोलीत बोलावलं.

“टेश्केबाई, तुमच्या यजमानांना आम्ही पाठीमागून चेन असलेला पोशाख घालणार आहोत. मानेपासून घोट्यापर्यंत सलग. त्यांना तो काढता येणार नाही.”

“म्हणजे झबलं? म्हाताऱ्या माणसाला झबलं? तो कुणाला हातसुद्धा लावत नाही! हॉलमध्ये ऊन येतं, तो बिन होतो, बसतो. तुमच्याच पोरी हसतात.”

“पोरी हसतात. नेर्गरबाई टेबलाखाली जातात.”

“कोण?”

डामेरोबाई उठल्या. “चला माझ्याबरोबर.”

आल्मा नेर्गर खिडकीपाशी टेबलाजवळ बसली होती, चिमणीएवढी म्हातारी, मांडीवर हातरुमालाची गुंडाळी. डामेरोबाईंनी दाराबाहेरच हळू आवाजात सांगितलं. पंचेचाळीस साली नेर्गरबाई चौदा वर्षांची होती. सैनिक गावात शिरले तेव्हा ती घरच्या जेवणाच्या टेबलाखाली लपली होती. तिथून तिला ओढून काढलं. जन्मभर ती ह्याबद्दल कुणाशी अवाक्षर बोलली नव्हती. आता डोकं सैल झाल्यावर तेवढंच वर आलं होतं.

रोझविथा तिच्यासमोर जाऊन बसली. तिनं ठरवलं होतं, आपण नीट समजावू. आपल्याला बोलता येतं.

“नेर्गरबाई, मी रोझविथा. तो उंच माणूस आहे ना, तो माझा नवरा. तो वाईट नाही हो. आम्ही समुद्राकाठची माणसं. आमच्याकडं ते, म्हणजे, त्यात काही वाईट नसतं. त्याला ऊन आवडतं. तो फक्त मोकळा...”

म्हातारीनं एवढंच ऐकलं की कुणीतरी माणूस येतोय. तिचे डोळे दाराकडं गेले. ती खुर्चीतून घसरू लागली, बोटं टेबलाची कड चाचपू लागली. “आई, दाराला कडी लाव,” ती पुटपुटली, “आई, दाराला कडी लाव ना गं.” रोझविथानं तिचा हात धरायला आपला हात पुढं केला, तर म्हातारीनं डोकं दोन्ही हातांत झाकून घेतलं.

बाहेर आल्यावर रोझविथा भिंतीला टेकून उभी राहिली.

“घाला,” ती म्हणाली. “घाला त्याला ते.”

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा एकेहार्ट त्याच्या खोलीत पलंगावर बसला होता. निळा, धुतलेला, स्वच्छ पोशाख. गळ्यापाशी नखांचे ओरखडे. तो हातांनी छाती चाचपत होता, बटण शोधत, बटण नव्हतं. तिला पाहून, ती कोण हे बहुधा न कळता, पण कुणीतरी आपलं आलंय एवढं कळून, त्यानं तिची बाही घट्ट धरली.

“मला नागडं केलंय बघा ह्यांनी,” तो कुजबुजला. “चौघींनी धरलं. मला नागडं केलं.”

जवळजवळ पन्नास वर्षांत तिनं त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. बाकीचे सगळे शब्द जाऊन त्याच्याकडं हा एक राहिला होता. “नाही रे एकी, कपडे आहेत तुझ्या अंगावर, हे बघ,” ती म्हणत राहिली, आणि तो मान हलवत राहिला. त्याला पटत नव्हतं आणि तिलाही पटत नव्हतं.

जूनमध्ये तिनं त्याला जेवायला बाहेर नेते असं सांगून गाडीत घातलं आणि थेट समुद्रावर आणलं. मनात एकच होतं. तिथं तो ओळखेल. पाण्याला तरी ओळखेल, मला नाही तर नाही. कुत्र्यांच्या पट्टीपलीकडं माणसं फारशी नव्हती. वारा होता. तिनं टॉवेल अंथरला, त्याला बसवलं, आणि मग वर्षभरात पहिल्यांदा त्या वाळूवर स्वतःचे कपडे काढले. ब्लाऊज, स्कर्ट, सगळं, त्याच्याचसारखं घडी घालून. त्याच्यापुढं उभी राहिली.

“बघ. बिन. आता तुझं काढूया हं.”

एकेहार्टनं तिच्याकडं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती पसरली.

“बाई,” तो म्हणाला, “कुणी केलं हे तुम्हाला?”

“एकी, मी रोझी.”

“कुणी काढले तुमचे कपडे? कुठं गेले ते लोक?” तो धडपडत उभा राहिला. इकडंतिकडं बघितलं, तिला पाठीशी घातलं आणि वाऱ्याकडं तोंड करून उभा राहिला, दोन्ही हात पसरून, म्हणजे येणाराजाणारा तिला बघणार नाही. मग त्यानं आपला पोशाख ओढायला सुरुवात केली, तिला द्यायला. गळा ओढला, बाह्या ओढल्या. तो निघेना. तो हुंदके देऊ लागला. “थांबा बाई, देतो, देतो मी. रडू नका.”

रडत तो होता. रोझविथानं त्याच्या पाठीमागून चेन खाली केली. पोशाख वाळूत पडला, तो त्यानं उचलला, झटकला आणि तिच्या खांद्यांभोवती गुंडाळला, हळुवार, परक्या बाईला पांघरतात तसा, अंगाला हात न लावता. आपण स्वतः कसे उभे आहोत ह्याचं त्याला भान नव्हतं. ती त्या निळ्या कापडात उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की ह्या किनाऱ्यावर आपल्याला इतकं उघडं कधीच वाटलं नव्हतं.

आश्रमात तिनं त्याला परत नेलं नाही. घरी नेलं. डामेरोबाईंना फोनवर म्हणाली, “त्याला तो पोशाख मी घालणार नाही, आणि नेर्गरबाईंना त्रासही होऊ देणार नाही. मग दुसरं काय करू, सांगा.” माइके ओरडली, “आई, तू सत्तरी ओलांडलीयस! तू त्याला उचलणार कशी?” रोझविथा म्हणाली, “तो चालतो अजून.”

तो चालत होता, तोवर निभलं. दाराला वरती कडी बसवली, पडदे ओढले, शेगडी दिवसभर पेटती ठेवली. तो हवा तसा घरभर फिरायचा, सोफ्यावर टॉवेल टाकून बसायचा, आणि ती बटाट्याचं सॅलड चमच्यानं भरवायची. कुणी घरी येईनासं झालं. ती त्याच्याशी बोलायची ते त्याला कळत नव्हतं, आणि ती जे ज्या शब्दांत बोलायची ते शब्द ऐकणारं दुसरं माणूस गावात उरलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या जुन्यांपैकी एक मुलाकडं गेली होती, एक मेला होता. हिवाळ्यात त्याचे पाय गेले. धुणं, उचलणं, पुसणं. तिच्या कमरेत कळ जायची तेव्हा ती पलंगाची कड धरून उभी राहायची आणि मनात म्हणायची, मरू दे आता हा, नाहीतर मी मरू दे. मग त्याच्या केसांवरून हात फिरवायची.

फेब्रुवारीत एका सकाळी त्याला न्हाणीतून बाहेर घेताना तिचा पाय घसरला. माकडहाडावर पडली, खुब्यात काहीतरी मोडलेलं तिला ऐकू आलं. तो तिच्या शेजारी फरशीवर बसून राहिला, ओला, कुडकुडत, तिचं बोट धरून. टेलिफोन बाहेरच्या खोलीत होता.

“एकी, टॉवेल ओढ. तुझ्या अंगावर घे. एकी, ऐक ना. काहीतरी घाल अंगात रे, थंडी आहे,” ती विनवत राहिली. “घाल ना रे काहीतरी.”

तो हसून तिच्याकडं बघत होता.

दुपारी माइकेनं फोन लावून पाहिला, उत्तर येईना म्हणून शेजाऱ्याला पाठवलं. त्यानं दार फोडलं. दोघांना दोन गाड्यांतून नेलं.

रोझविथाच्या खुब्यात खिळे घातले. एकेहार्टला न्यूमोनिया झाला, त्यातून तो उठला, पण अर्धा, आणि माइकेनं त्याला पुन्हा आश्रमात ठेवलं. ती वॉकर घेऊन आश्रमात जाऊ शकली तोवर एप्रिल उजाडला होता. तो खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसला होता. साधी पँट, करड्या रंगाचा स्वेटर, सदऱ्याची वरची बटणंसुद्धा लावलेली. पाठीमागं चेनबिन काही नाही. ऊन थेट त्याच्या मांडीवर पडलं होतं आणि त्याचे हात त्या उन्हात नुसते पडून होते.

“बघा, आता किती शहाणे झालेत आजोबा,” नर्स कौतुकानं म्हणाली. “काही काढत नाहीत, काही मागत नाहीत. त्या पोशाखाची गरजच राहिली नाही. नेर्गरबाईसुद्धा परवा ह्यांच्याच टेबलावर बसून जेवल्या.”

रोझविथानं त्याचा हात उचलला. सोडला, तर तो जसा सोडला तसा खाली पडला. तिनं नर्सकडं कंगवा मागितला, त्याचे केस विंचरले आणि जेवणाची गाडी येईपर्यंत शेजारी बसून राहिली.

तो मे महिन्यात गेला. त्यानंतर माइकेनं आईला श्वेरीनला नेलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली आहे, लिफ्ट आहे, जवळ तळंही आहे. माइके दर उन्हाळ्यात विचारते, “आई, नेऊ का गं एकदा समुद्रावर?” रोझविथा म्हणते, “कशाला, इतकं लांब,” आणि टीव्हीचा आवाज वाढवते.